नवजात अर्भकांतील जंतुसंसर्ग व त्याचे नियंत्रण : महाराष्ट्रातील संशोधन

जन्मापासून पहिल्या २८ दिवसांत अर्भकास सूक्ष्मजंतूंमुळे होणाऱ्या रोगांना नवजात अर्भकांतील जंतुसंसर्ग असे म्हणतात. जंतुरक्तता (रोगजंतू रक्तात शिरून शरीरभर पसरणे), फुप्फुसशोथ (न्यूमोनिया), मस्तिष्कावरणशोथ, नाळेचा दाह आणि धनुर्वात हे त्यांतील प्रमुख रोग होत. नवजात अर्भकाची प्रतिकारशक्ती अपुरी असते, त्वचा नाजूक असते आणि नाळेची जखम ओली असते. त्यामुळे प्रौढ माणसास फारसा त्रास न देणारा जंतूही अर्भकाच्या जिवावर उठू शकतो. अपुऱ्या दिवसांच्या व कमी वजनाच्या अर्भकांना हा धोका विशेष असतो.

हा संसर्ग दोन ठिकाणांहून येतो : एक, बाळंतिणीचे घर आणि दुसरे, रुग्णालय. घरातील संसर्गाचे कारण बहुधा अस्वच्छता व उपचारांचा अभाव हे असते. रुग्णालयातील संसर्ग मात्र उपचारांच्याच वाटेने, म्हणजे हात, नळ्या, सुया, दुधाच्या बाटल्या व काचपेट्या यांच्याद्वारे पसरतो. महाराष्ट्रात या दोन्ही बाजूंवर महत्त्वाचे काम झाले आहे. रुग्णालयातील बाजू मुख्यतः मुंबईत व घरातील बाजू गडचिरोली जिल्ह्यात अभ्यासली गेली. ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आणि ऊसतोडणीसाठी होणारे हंगामी स्थलांतर या दोन्ही गोष्टी बीड जिल्ह्यात एकत्र आढळतात. त्यामुळे या संशोधनाची फळे प्रत्यक्षात कितपत पोहोचतात, याची कसोटी तेथे लागते.

पूर्वपीठिका : रुग्णालय हेच रोगाचे उगमस्थान असू शकते, ही गोष्ट यूरोपात प्रथम प्रसूतिगृहांत उघड झाली. व्हिएन्ना येथील सार्वजनिक रुग्णालयात इग्नाट्स झेमेलव्हाइस या वैद्याने १८४७ मध्ये शवविच्छेदन करून येणाऱ्या डॉक्टरांना व विद्यार्थ्यांना चुन्याच्या क्लोरीनयुक्त पाण्याने हात धुण्यास भाग पाडले. त्या वर्षी एप्रिलमध्ये त्याच्या कक्षातील सु. १८ टक्के बाळंतिणी सूतिकाज्वराने दगावल्या होत्या; जुलैमध्ये हे प्रमाण दोन टक्क्यांहून कमी झाले. डॉक्टरचे हातच रोग वाहून नेतात, हे मत तत्कालीन वैद्यकवर्गास मानवले नाही. पुढे लुई पाश्चर यांचे जंतुविषयक संशोधन व जोसेफ लिस्टर यांची १८६७ मध्ये प्रसिद्ध झालेली पूतिरोधक शस्त्रक्रियापद्धती यांमुळे त्यास शास्त्रीय आधार मिळाला. १८८० नंतर पॅरिसमध्ये स्तेफान तार्न्ये यांनी अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांसाठी उबदार पेट्या वापरात आणल्या. या पेट्यांमुळे अनेक अर्भके वाचली. परंतु एका दालनात अनेक अर्भके एकत्र ठेवण्याची आणि त्यांना मातेपासून दूर करण्याची पद्धतही त्यांच्याबरोबरच रूढ होत गेली.

महाराष्ट्रात त्या काळी प्रसूती घरीच होत असत. सुईण विळा, कोयता वा जे हाती येईल त्या साधनाने नाळ कापी आणि तिच्यावर राख, शेण वा हळद लावण्याची चाल अनेक ठिकाणी होती. नाळेवाटे धनुर्वाताचे जंतू शरीरात गेले म्हणजे अर्भक तीनचार दिवस नीट दूध पिते, मग त्याचा जबडा आवळतो व बहुधा आठवड्याच्या आतबाहेर ते दगावते. जन्मानंतरच्या पाचव्या वा सहाव्या रात्री सटवाई बाळाचे भविष्य लिहिते, ही समजूत व त्या वेळी केले जाणारे पाचवीचे पूजन महाराष्ट्रात सर्वत्र परिचित आहे. नेमक्या याच दिवसांत अर्भके मोठ्या संख्येने दगावत, ही गोष्ट या संदर्भात लक्षणीय आहे. परदेशी जाऊन वैद्यकीय पदवी मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी एक असलेल्या आनंदीबाई जोशी (१८६५–८७) यांचे पहिले मूल दहा दिवसांतच गेले. त्या वेळी त्या चौदा वर्षांच्या होत्या. वैद्यकशास्त्र शिकण्याच्या त्यांच्या निश्चयामागे हा आघात होता. १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्या पदवीधर झाल्या. पदवीसाठी त्यांनी हिंदूंतील प्रसूतिशास्त्र हाच विषय निवडला होता.

मातेस धनुर्वाताची प्रतिबंधक लस, स्वच्छ पात्याने नाळ कापणे व नाळ कोरडी ठेवणे या तीन साध्या उपायांनी हा रोग हटला. मे २०१५ मध्ये भारतातून माता व नवजात अर्भके यांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे प्रमाणित करण्यात आले. जंतुरक्तता व फुप्फुसशोथ यांचे नियंत्रण मात्र इतके सोपे ठरले नाही. त्यांचे जंतू अनेक आहेत, लक्षणे अस्पष्ट असतात व सर्वांवर चालेल अशी एकच लस नाही.

रुग्णालयांतील अनुभव : मुंबईत ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय (१८४५), कामा रुग्णालय (१८८६) व केवळ मुलांसाठी असलेले बाई जेरबाई वाडिया रुग्णालय (१९२९) अशा संस्था निघाल्या आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बालरोगविज्ञान ही वैद्यकाची स्वतंत्र शाखा म्हणून स्थिरावली. मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांत नवजात अर्भकांचे खास कक्ष उघडले गेले, तेव्हा झेमेलव्हाइसपुढील प्रश्नच नव्या रूपात उभा राहिला. एका परिचारिकेकडे अनेक अर्भके असत, काचपेट्या व नळ्या पुनःपुन्हा वापरल्या जात आणि बाटलीने पाजलेल्या दुधातून अतिसार व जंतुरक्तता पसरत असे.

शीव येथील लोकमान्य टिळक महानगरपालिका सर्वसाधारण रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस व त्यांचे सहकारी यांनी या प्रश्नाचे उत्तर यंत्रांची संख्या वाढविण्यात शोधले नाही. त्यांनी दुधाच्या बाटल्या व डब्यातील दूध कक्षातून हद्दपार केले, केवळ मातेच्या दुधाचा आग्रह धरला आणि आतापर्यंत दाराबाहेर ताटकळणाऱ्या मातांना कक्षात घेऊन अर्भकाच्या देखभालीचा मोठा भाग त्यांच्याकडे सोपविला. बाहेरच्या माणसांमुळे संसर्ग वाढतो, या रूढ कल्पनेच्या हे उलट होते. तथापि आईच्या हातून एकाच अर्भकाची देखभाल होते, तर परिचारिकेचे हात एका अर्भकाकडून दुसऱ्याकडे जातात, हा भेद येथे निर्णायक ठरतो. शिवाय आईच्या दुधातून अर्भकास रोगप्रतिकारक द्रव्ये मिळतात व तिच्या त्वचेवरील निरुपद्रवी जंतू अर्भकाच्या अंगावर प्रथम स्थिरावल्यास रुग्णालयातील घातक जंतूंना तेवढा वाव मिळत नाही. ज्या अर्भकांना स्वतःच्या आईचे दूध मिळू शकत नाही, त्यांच्यासाठी १९८९ मध्ये याच रुग्णालयात मातृदुग्धपेढी सुरू झाली. ती आशियातील अशा प्रकारची पहिली पेढी मानली जाते. दुसऱ्या मातांनी दिलेले दूध तेथे तपासून, तापवून निर्जंतुक करून व गोठवून ठेवले जाते.

याच सुमारास दक्षिण अमेरिकेतील बोगोटा येथे एद्गार रेय यांनी काचपेट्यांची टंचाई व कक्षातील संसर्ग यांवर उपाय म्हणून अर्भकास मातेच्या छातीशी त्वचेला त्वचा लागेल असे बांधून ठेवण्याची पद्धत १९७८ मध्ये सुरू केली. कांगारू मातृसेवा या नावाने ती पुढे जगभर मान्य झाली. दोन्ही ठिकाणी अडचणीतून निघालेला उपाय पुढे श्रीमंत देशांनीही स्वीकारला.

ग्रामीण संशोधन : रुग्णालयापर्यंत न पोहोचणाऱ्या अर्भकांचे काय, हा प्रश्न मराठवाड्याच्या सीमेवर प्रथम धसास लागला. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये जामखेड (जि. अहिल्यानगर, पूर्वीचा अहमदनगर जिल्हा) येथे व्यापक ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. जामखेड तालुका बीड जिल्ह्यास लागून आहे. गावातीलच, बहुधा निरक्षर व पुष्कळदा दलित समाजातील स्त्रीस आरोग्यसेविकेचे शिक्षण दिल्यास ती बालमृत्यू रोखू शकते, हे या प्रकल्पाने दाखविले. आरोळे दांपत्यास १९७९ मध्ये मॅगसायसाय पुरस्कार मिळाला.

या कल्पनेची काटेकोर शास्त्रीय चाचणी गडचिरोली जिल्ह्यात झाली. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी तेथे ‘सर्च’ ही संस्था स्थापून १९८६ पासून काम आरंभिले. त्यांचा पहिला मोठा अभ्यास बालकांतील फुप्फुसशोथाविषयी होता. ५८ गावांतील ६,१७६ बालकांस गावपातळीवर उपचार उपलब्ध करण्यात आले व ४४ गावांतील ३,९४७ बालकांशी त्यांची तुलना करण्यात आली. निदानाची मुख्य खूण म्हणजे श्वासाचा वेग ही होती. ज्या सुइणींना अंक मोजता येत नसत, त्यांच्यासाठी मण्यांची साधी चौकट तयार करण्यात आली : दर दहा श्वासांमागे एक मणी सरकवावयाचा आणि मिनिट संपण्यापूर्वी लाल मण्याची पाळी आली, तर औषध द्यावयाचे. १९९० मध्ये द लॅन्सेट  या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पाच वर्षांखालील दर हजार बालकांमागे फुप्फुसशोथाने होणारे मृत्यू उपचारक्षेत्रात ८.१, तर तुलनाक्षेत्रात १७.५ होते. एकूण बालमृत्यूही सु. ३० टक्क्यांनी कमी आढळले.

यानंतर लक्ष नवजात अर्भकांकडे वळले. १९९५-९६ मध्ये ३९ गावांतील ७६३ अर्भकांची जन्मापासून २८ दिवस घरी जाऊन पाहणी करण्यात आली. सु. ९५ टक्के जन्म घरीच झाले होते. निम्म्याहून अधिक अर्भकांस वैद्यकीय मदतीची गरज होती. परंतु रुग्णालयात दाखल झालेल्या अर्भकांचे प्रमाण ०.४ टक्के एवढेच होते. बाळंतिणीने व बाळाने घराबाहेर पडू नये हा रिवाज, दूरचे अंतर, पैशाची चणचण व ‘अशी मुले जायचीच’ ही धारणा या सर्वांचा तो परिणाम होता.

तेव्हा गावोगावी थोडेफार शिकलेल्या स्त्रिया ‘आरोग्यदूत’ म्हणून निवडण्यात आल्या. प्रसूतीच्या वेळी उपस्थित राहणे, न रडणाऱ्या अर्भकास श्वास देणे, अर्भकास उबदार ठेवणे, वजन करणे, स्तनपानातील अडचणी सोडविणे व जंतुरक्तता ओळखून उपचार करणे ही कामे त्यांना शिकविली गेली. दूध ओढण्याचे कमी होणे, रडणे क्षीण होणे, हातपाय ढिले पडणे, अंग गार लागणे, पोट फुगणे यांसारख्या खुणा एकत्र दिसल्या म्हणजे जंतुरक्तता समजावी, असा निकष होता. प्रयोगशाळेची त्यासाठी गरज नव्हती. मातापित्यांनी रुग्णालयात जाण्यास नकार दिल्यास आरोग्यदूत त्यांच्या लेखी संमतीने जेंटामायसीनची अंतःक्षेपणे (इंजेक्शने) व तोंडावाटे को-ट्रायमोक्साझोल देत. हातांची व सुईची स्वच्छता हा शिक्षणातील अटळ भाग होता. रुग्णालयीन संसर्गनियंत्रणाचे नियम अशा रीतीने झोपडीपर्यंत नेले गेले.

१९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत या ३९ गावांतील नवजात मृत्युदर दर हजार जिवंत जन्मांमागे ६२ वरून २५.५ वर आल्याचे दिसले. ४७ तुलनागावांशी ताडून पाहता ही घट सु. ६२ टक्के भरते. जंतुरक्ततेच्या रुग्णांतील मृत्यूंचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले. एका अर्भकामागे खर्च ५.३ अमेरिकी डॉलर होता. अल्पशिक्षित स्त्रीच्या हाती सुई द्यावी काय, हा आक्षेप त्या वेळी जोराने घेतला गेला. ज्यांना दुसरा कोणताच उपचार मिळणार नाही, त्यांच्याबाबत उपचार न करण्याचा धोका किती, हा प्रतिप्रश्न मृत्यूच्या आकड्यांनी पुढे ठेवला.

शासकीय धोरण : २००१ मध्ये राज्यातील स्वयंसेवी संस्थांच्या सहकार्याने झालेल्या पाहणीवर आधारलेला कोवळी पानगळ  हा अहवाल प्रसिद्ध झाला. शासकीय नोंदींत पुष्कळ बालमृत्यू येतच नाहीत, हे त्याने दाखवून दिले व त्यावरून विधिमंडळात आणि वृत्तपत्रांत मोठी चर्चा झाली. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी नवजात अर्भकांच्या गृहभेटींची शिफारस केली. २०११ मध्ये भारत सरकारने ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत गृहाधारित नवजात सेवा देशभर सुरू केली. त्यानुसार रुग्णालयात जन्मलेल्या अर्भकाच्या घरी ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी भेट द्यावयाची असते. घरी जन्मलेल्यास पहिल्या दिवसाची भेट जास्त असते. अंतःक्षेपणाचा अधिकार मात्र आशांना देण्यात आला नाही. २०१४ मध्ये विशिष्ट परिस्थितीत जेंटामायसीन देण्याची मुभा परिचारिका-प्रसाविकांस (एएनएम) मिळाली.

याच काळात प्रसूतीचे स्थळच बदलत होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १९९२-९३ मध्ये सु. ४४ टक्के प्रसूती आरोग्यसंस्थांत होत. २०१९–२१ च्या पाहणीत हे प्रमाण सु. ९५ टक्के झाले. त्याच पाहणीत राज्याचा नवजात मृत्युदर हजारी १६.५ नोंदला गेला. हे मोठे यश असले, तरी त्यामुळे संसर्गाचे मुख्य स्थान घरातून प्रसूतिकक्ष व नवजात कक्ष यांकडे सरकले. दिल्लीतील तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात दाखल झालेल्या तेरा हजारांवर अर्भकांच्या अभ्यासात ॲसिनेटोबॅक्टर, क्लेबसिएल्ला व एश्चेरिकिया कोलाय हे जंतू प्रमुख आढळले व त्यांतील पुष्कळ जंतू एकाच वेळी अनेक प्रतिजैविकांना दाद देत नव्हते. पुष्कळ संसर्ग जन्मानंतरच्या ७२ तासांतच झाले होते; म्हणजे रुग्णालयातील जंतू अर्भकास जवळजवळ जन्मतःच गाठत होते. गडचिरोलीत प्रभावी ठरलेली स्वस्त औषधे अशा जंतूंपुढे निष्प्रभ ठरण्याचा संभव असतो. त्यामुळे हात धुणे, गर्दी टाळणे, निष्कारण प्रतिजैविके न देणे व मातेस अर्भकाजवळ ठेवणे या जुन्या उपायांना नव्याने महत्त्व आले आहे.

बीड जिल्हा : बालाघाटच्या रांगांत व गोदावरीच्या दक्षिणेस पसरलेला हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. अवर्षणप्रवणता व उद्योगांची उणीव ही त्याची जुनी दुखणी होत. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या २५,८५,०४९ होती. सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या ८०७ म्हणजे राज्यात सर्वांत कमी भरली. १९७० च्या दशकात अंबाजोगाई येथे निघालेले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय हे ग्रामीण भागातील अशा प्रकारचे आशियातील पहिले महाविद्यालय म्हणून ओळखले जाते. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव त्यास देण्यात आले आहे. वैद्यकीय शिक्षण व तज्ञांची सेवा खेड्यांच्या निकट आणावी, हा या स्थापनेमागील हेतू होता. जिल्ह्यातील अवघड प्रसूतींच्या व अत्यवस्थ अर्भकांच्या उपचारांत या महाविद्यालयाचे रुग्णालय आणि बीडचे जिल्हा रुग्णालय यांचे स्थान मोठे आहे. तालुक्याच्या गावांहून अर्भकास तेथे नेताना होणारा विलंब व प्रवासात लागणारी थंडी यांमुळे संसर्गाचा धोका वाढतो. म्हणून वाटेत अर्भकास उबदार ठेवणे व स्तनपान चालू राखणे यांस उपचारांइतकेच महत्त्व आहे.

जिल्ह्याचा दुसरा विशेष म्हणजे ऊसतोडणी कामगारांचे स्थलांतर. दसरा-दिवाळीनंतर मुकादमाकडून उचल घेतलेली लक्षावधी माणसे पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात साखर कारखान्यांवर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जात असल्याने गरोदर व बाळंत स्त्रियाही फडात असतात. खाडा पडल्यास मजुरी बुडते. त्यामुळे बाळंतपणाची विश्रांती अपुरी राहते. वस्ती पाचटाच्या वा ताडपत्रीच्या कोप्यांत असते, पाणी दुरून आणावे लागते आणि अर्भक थंडीच्या दिवसांत उघड्या रानात असते. कमी वजन, गारठा व अपुरे स्तनपान ही जंतुरक्ततेची तिन्ही पूर्वकारणे येथे एकत्र येतात.

गृहाधारित सेवेची रचना अर्भकाला स्थिर घर आहे, हे गृहीत धरते. आशा कार्यकर्ती गावानुसार नेमलेली असते. कुटुंब कारखान्यावर गेले म्हणजे गावच्या आशेच्या यादीतील अर्भक तेथे नसते आणि कारखान्याजवळच्या गावातील आशेच्या यादीत ते आलेले नसते. ४२ दिवसांतील सहा भेटी अशा वेळी दोन यादींच्या मधल्या फटीत हरवतात. २०१९ मध्ये जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला व त्याच्या चौकशीसाठी डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. तेव्हापासून या कामगारांच्या आरोग्याकडे अधिक लक्ष जाऊ लागले. हंगामापूर्वी गरोदर स्त्रियांची नोंद करणे, ती नोंद कारखान्याच्या क्षेत्रातील आरोग्य केंद्राकडे पाठविणे व कोप्यांच्या वस्तीवर आशांच्या भेटी ठेवणे हे उपाय गृहाधारित सेवेच्या तत्त्वाशी सुसंगत आहेत.

मूल्यमापन : महाराष्ट्रातील संशोधनाने दोन गोष्टी प्रस्थापित केल्या. शीवच्या अनुभवातून मातेस कक्षात घेणे हा संसर्गनियंत्रणाचा भाग आहे, हे दिसले. गडचिरोलीच्या प्रयोगातून शिक्षित ग्रामीण स्त्री अर्भकाच्या दाराशी जंतुरक्ततेवर उपचार करू शकते, हे सिद्ध झाले. दोन्हींचे मर्म एकच आहे : अर्भकाच्या निकट असलेल्या व्यक्तीचे हात स्वच्छ, जाणते व पुरेसे मोकळे असावेत. पहिल्या दोन गोष्टी शिक्षणाने साधतात. तिसरी मात्र मजुरी, अंतर व स्थलांतर यांवर अवलंबून असल्याने ती वैद्यकाच्या कक्षेबाहेर जाते. फडावर पहाटेपासून राबणाऱ्या आईस बाळ पाजण्यास सवड मिळत नाही, तेथे औषधांचा उपयोग मर्यादितच राहतो.